बदली, मैदान आणि जन्मतारीख

सरकारी नोकरीतील बदलीचा आदेश बहुधा एका पानाचा असतो. कोणाची बदली, कोठून कोठे, कोणत्या पदावर आणि कोणाच्या जागी, एवढाच त्याचा मजकूर. त्या आदेशाने घरातील मोठ्या माणसांचे फारसे काही हरवत नाही. अधिकाऱ्याला नव्या गावी खुर्ची तयार असते, निवासस्थान मिळते, चार दिवसांत स्वयंपाकघर लागते. सामान हलविण्याच्या खर्चाशिवाय केंद्रीय नियमांनुसार मूळ वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत बदली अनुदानही मिळते. मुलांचे तसे नसते. त्यांना नवी शाळा मिळते, नवा गणवेश मिळतो. पण जुन्या गावी संध्याकाळी साडेपाच वाजता मैदानावर जी जागा त्यांची म्हणून सर्वांना ठाऊक होती, ती कोणत्याही आदेशाने परत मिळत नाही. ती पहिल्यापासून कमवावी लागते, आणि तीही अनेकदा परक्या भाषेत.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. माझी सेवा ओडिशात झाली आणि बिऱ्हाड अनेक वेळा हलले. प्रत्येक वेळी मी एक गोष्ट पाहिली. मुले नव्या वर्गात रुळायला सहा महिने लागले, तरी मैदानावर ती आठवड्याभरात रुळत. वर्गात भाषा आडवी येते, अभ्यासक्रम आडवा येतो, बाकावरची आधीची जोडी आडवी येते. मैदानावर यांतील काहीच आडवे येत नाही, कारण तेथील नियम मुलाला आधीपासून माहीत असतात. आम्ही ट्रकमध्ये सर्वांत शेवटी ठेवतो आणि सर्वांत आधी उतरवतो ती पेटी खेळाच्या सामानाची असते, ती याच कारणाने.

सायना नेहवाल यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांचे वडील हरवीरसिंह हे कृषिशास्त्रज्ञ. १९९८ च्या सुमारास त्यांना नोकरीनिमित्त हरियाणातील हिसारहून हैदराबादला यावे लागले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तेलुगू येत नव्हते, ओळखीचे कोणी नव्हते. आईवडील दोघेही बॅडमिंटन खेळणारे, त्यामुळे रॅकेट हातात आली आणि ज्या शहराची भाषा बोलता येत नव्हती त्या शहरात तिला बॅडमिंटन कोर्टावर जागा मिळाली. पुढे २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकचे कांस्यपदक आले. ती नोकरीची फाइल ज्या कोणी पुढे सरकवली असेल, त्याला आपण काय करीत आहोत याची कल्पना असणे शक्यच नव्हते. सचिन तेंडुलकर यांच्या घराचे स्थलांतर याहून लहान, पण ते जाणूनबुजून केलेले. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासातून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहायला जायचे आणि रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने शाळाही बदलायची, एवढेच. परंतु एका मुलाचे घर खेळासाठी हलवायचे, हा निर्णय त्या कुटुंबातील मोठ्या माणसांनी घेतला होता.

ही दोन्ही उदाहरणे प्रसिद्ध यशाची आहेत, म्हणून आपल्याला माहीत आहेत. माझा विषय यशाचा नाही. घर बदलणाऱ्या मुलाला मैदान जवळचे का वाटते, हा आहे. मला असे वाटते की, त्याच्या आयुष्यात जे काही बदलत नाही ते तेथेच असते. खो-खोचे मैदान कोठेही आखा, दोन टोकांना दोन खांब, मध्ये आठ चौकोन, त्यांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी. खो मिळण्याआधी उठले की फाउल. उठून एकदा दिशा घेतली की खांब ओलांडल्याशिवाय मागे फिरता येत नाही. हे सातारा जिल्ह्यात जसे आहे तसेच सुंदरगड जिल्ह्यात आहे. अनोळखी गावात मुलाला पहिल्या दिवशी पुरेल एवढा आधार त्यात असतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कॉलनीतील मुलांना खो-खो शिकविण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आलो आहे. पश्चिम ओडिशातील खाणी आणि पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात खरा मान हॉकीचा. सुंदरगड जिल्ह्यातील सौनामारा या एका गावाने दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास असे दोन ऑलिंपिकपटू दिले आहेत, आणि त्या भागात सामना जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड देण्याची जुनी रीत आहे. पण खो-खोही तेथे परका नाही. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेचे पहिले विजेतेपद ओडिशाच्याच संघाने मिळविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा माझ्याकडील मुलांनी मला असे पाहिले, जणू त्या विजयात माझाही वाटा असावा. आमच्या मैदानावर ओडिया, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि सादरी बोलणारी मुले असतात. ‘खो’ हा शब्द मात्र कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मुलांना शिकवू लागल्यावर खेळाडूंच्या वागणुकीविषयीची माझी समजूत हळूहळू बदलत गेली. आपण वागणुकीची चर्चा नेहमी मोठ्या खेळाडूंपासून सुरू करतो. कोणी पंचांशी हुज्जत घातली, कोणी उत्तेजक घेतले, कोणी पदक जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याला जवळ घेतले, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईत वानखेडे स्टेडियमवर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीची आठवण माझ्या पिढीला वारंवार सांगितली गेली. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते. बॉब टेलर यांना पंचांनी यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिले, टेलर मात्र चेंडू बॅटला लागलाच नाही या समजुतीने रेंगाळले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी अपील मागे घेऊन त्यांना परत बोलाविले. टेलर यांनी ४३ धावा केल्या, बोथम यांच्याबरोबर १७१ धावांची भागीदारी झाली आणि भारत १० गडी राखून हरला. विश्वनाथ यांचे नाव आजही त्या पराभवासाठी आदराने घेतले जाते.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे आणि त्यातील एक तपशील आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथे क्रॉस-कंट्री शर्यतीत केनियाचा आबेल मुताई सर्वांत पुढे होता. त्याच वर्षी लंडनला त्याने स्टीपलचेसचे कांस्यपदक मिळविले होते. शर्यत संपली अशा समजुतीने तो अंतिम रेषेच्या काही मीटर आधीच थांबला. मागून आलेल्या इवान फर्नांडेझ अनाया या स्पॅनिश धावपटूने त्याला ओलांडून जाण्याऐवजी खुणेने पुढे जायला सांगितले आणि स्वतः दुसरा आला. गोष्ट बहुधा येथे संपविली जाते. तपशील असा की, अनायाचे प्रशिक्षक मार्तिन फिझ हे स्वतः १९९५ चे मॅरेथॉन विश्वविजेते. शिष्याच्या प्रामाणिकपणाचे त्यांनी कौतुक केले, पण आपण तसे केले नसते, संधी घेऊन शर्यत जिंकली असती, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

फिझ यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे सांगितले ते निदान उघडपणे सांगितले. परंतु त्या बोलण्यातून एक गोष्ट लक्षात येते. खेळाडू मैदानावर एकटा दिसतो. निर्णयाच्या क्षणी मात्र त्याच्यामागे त्याला वाढविणारी सारी माणसे उभी असतात. त्याने काय करावे याविषयी त्यांची काही अपेक्षा असते आणि ती त्याला पक्की ठाऊक असते. अनाया त्या अपेक्षेपलीकडे गेला. प्रत्येक मुलाला ते जमेल असे धरून चालणे बरे नव्हे. म्हणूनच मला असे वाटते की, वागणुकीचा खरा प्रश्न आंतरराष्ट्रीय सामन्यांत फार उशिरा दिसतो. तो सुटतो किंवा बिघडतो चौदा वर्षांखालील गटात, आणि तेथे तो बहुतेक वेळा एका कागदाच्या रूपाने येतो. तो कागद म्हणजे जन्माचा दाखला.

वयाच्या नोंदीचा घोळ आपल्याकडे जुना आहे आणि तो सगळाच लबाडीचा नाही. महाराष्ट्रातील मागच्या पिढीत १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर परक्या माणसाला आश्चर्य वाटेल. मूल शाळेत आले, जन्मतारीख कोणाला माहीत नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू होणार होती, आणि गुरुजींनी हिशेबाला सोयीची तारीख लिहिली. ते अज्ञान होते. त्यात कोणाचे काही हिरावून घेण्याचा हेतू नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. एका वर्षानंतरची नोंद पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होत असे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नेमणुकीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. अज्ञानाचा भाग यामुळे ओसरेल. हेतूचा भाग कायद्याने ओसरेल का, हे सांगणे कठीण आहे.

खेळात वय चोरणे याचा अर्थ, पंधरा वर्षांच्या मुलाला कागदावर तेराचा करून लहान गटात खेळविणे. या वयात एका वर्षाने उंची, वजन आणि वेग यांत केवढा फरक पडतो हे कोणत्याही शिक्षकाला दिसते. कॅनडातील आइस हॉकीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की, वयोगटाची मोजणी जेथून सुरू होते त्या महिन्यांत जन्मलेली मुले वरच्या संघांत प्रमाणाबाहेर जास्त असतात. प्रामाणिकपणे नोंदविलेल्या काही महिन्यांचा जर एवढा परिणाम, तर चोरलेल्या दोन वर्षांचा किती असेल? केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली; तिच्यात शारीरिक, दंत आणि क्ष-किरण तपासणीची तरतूद आहे. क्रिकेट मंडळ मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वयाचा अंदाज घेते. पण तो अंदाजच असतो. हाडांवर जन्मतारीख लिहिलेली नसते. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत दिलेल्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी या विषयावर कठोर शब्दांत बोलून ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्या मुलाच्या दाखल्यावर त्याचे आईवडील आणि प्रशिक्षक मिळून खोटे लिहितात, त्याला खेळाच्या पहिल्याच पायरीवर फसवणूक शिकविली जाते.

हे सारे मला तत्त्वतः मान्य होते. मग ते प्रत्यक्षात समोर आले.

माझ्याकडे एक मुलगा खेळायला येत असे. त्याचे वडील एका कंत्राटदाराकडे चालक होते आणि प्रकल्प संपला की कुटुंबासह पुढच्या प्रकल्पावर जात. दोन वर्षांत एक घर, असा त्यांचा हिशेब होता. अनुदान नाही, निवासस्थान नाही. सामान जाई ते कंत्राटदाराच्याच एखाद्या गाडीतून, जागा असेल तेवढे. मुलगा बोलायला कमी, पळायला विलक्षण. एकदा सरावात त्याला मागून हात निसटता लागला. पंचाचे काम करणाऱ्या मुलाला ते दिसले नाही, हात लावणाऱ्यालाही खात्री नव्हती. हा मात्र हात वर करून स्वतःच मैदानाबाहेर गेला आणि रेषेपलीकडे जाऊन बसला. मी त्याला असे काही शिकविलेले नव्हते.

जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेची नावे पाठविण्याच्या दोन आठवडे आधी त्याचे वडील एक नवाकोरा दाखला घेऊन आले. शाळेच्या दाखल्यानुसार मुलगा पंधरा वर्षांचा होता, नव्या दाखल्यात तेराचा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांनी काही लपविले नाही. ते म्हणाले, “साहेब, क्रीडा वसतिगृहात लागला तर जेवण आहे, शाळा आहे, एका जागी राहणे आहे. याला माझ्याबरोबर आणखी किती गावे फिरवू? आणि हे सगळेच करतात.”

विलंबाने झालेल्या नोंदणीचे आदेश माझ्याही सहीने निघतात. त्या कागदाची किंमत मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी कागदापेक्षा त्या माणसाचे वाक्य जड होते. ज्याच्या घराचा पत्ता सरकार स्वतःच्या खर्चाने बदलते, त्याने ज्याच्या घराला पत्ताच नाही त्याला नियम सांगायचे, हे ऐकायला बरे वाटत नाही. प्रामाणिकपणा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा आरोप त्यांनी केला नाही. केला असता तर मला तो समजला असता.

मी संघाची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांचा मुलगा आत आला तर जो बाहेर जाणार होता, त्या मुलाची आई शाळेत मध्यान्ह भोजन शिजविते. वय तेरा, अंगाने लहानखुरा, त्याचा दाखला खरा. वसतिगृहाचे जेवण त्यालाही हवे होते. मी एवढेच म्हणालो, “तुम्ही ज्याची जागा घेणार आहात तो साहेबाचा मुलगा नाही. तो हा आहे.” ते बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी विचारले, “मग माझ्या मुलाने काय करायचे?” या प्रश्नाला माझ्याकडे त्यांना पुरेल असे उत्तर नव्हते. सतरा वर्षांखालील गटात नाव देता येईल, तेथे पहिल्या वर्षी कदाचित बसून राहावे लागेल, हे मी सांगितले. पुढे असेही सांगितले की, जन्माची मूळ नोंद दुसऱ्या राज्यात आधीच झालेली असल्याने ही दुसरी नोंद रद्द करण्यासाठी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडे अर्ज करणे त्यांच्याच हिताचे आहे. उद्या नोकरीच्या वेळी दोन तारखांचा हा मुलगा दोन्ही बाजूंनी अडकेल. तो अर्ज त्यांनी दिला.

आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. तो मुलगा त्या दिवशी गुणलेखकाच्या शेजारी बसून होता. सतरा वर्षांखालील गटाचा हंगाम येण्याआधी प्रकल्प संपला आणि त्यांचे बिऱ्हाड हलले. जाण्यापूर्वी मी पुढील गावच्या क्रीडाशिक्षकासाठी एक पत्र लिहून दिले. त्यात मुलाची खरी जन्मतारीख लिहिली, तो खांबाजवळ कसा वळतो ते लिहिले, आणि निसटता स्पर्श झाला तरी स्वतः बाहेर जातो, तेव्हा याचा शब्द पंचाच्या शब्दाइतका धरावा, असेही लिहिले. सरकारी नोकरीत मी अनेक शिफारसपत्रे लिहिली, त्यांत हे एक मला मनापासून लिहिल्याचे आठवते. ते पत्र कोणी वाचले का, हे मला कळलेले नाही.

या अनुभवातून मी काही नियम माझ्यापुरते ठरविले आहेत. आपल्यापैकी जे मुलांना खेळ शिकवितात त्यांच्या ते उपयोगी पडतील म्हणून सांगतो. निवडीच्या आधी, हंगामाच्या सुरुवातीलाच, सर्व पालकांसमोर वयाचे कागद पाहावेत. ऐन वेळी पाहिले तर नकार एका मुलाला दिल्यासारखा होतो. जो मुलगा वयाने पुढे गेला त्याला संघाबाहेर टाकू नये. पंच, गुणलेखक, लहानांचा सोबती अशी काही जागा त्याला द्यावी. पंच चुकला तरी स्वतःहून बाहेर जाणाऱ्या मुलाचे नाव त्या दिवशी सर्वांसमोर घ्यावे, सामना हरलो असलो तरी घ्यावे. आणि ज्यांच्या हाती वसतिगृहे आणि योजना आहेत अशा आम्हा अधिकाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. पोटभर जेवण आणि एका जागी राहणे, या गोष्टी मुलाला चौदाव्या वर्षाआधी सामना जिंकल्यानंतरच का मिळाव्यात? जोपर्यंत वसतिगृहाचे दार इतके अरुंद आहे, तोपर्यंत त्या दारात खोटे दाखले येत राहतील; क्ष-किरण यंत्रे कितीही बसवा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे ओडिशातील काही जिल्ह्यांत चालविली गेली आहेत, त्यामुळे ही कल्पना अगदीच हवेतील नाही.

परप्रांतात मुले वाढविताना आपण मराठीची काळजी करतो, सणांची करतो, गावाकडच्या ओळखींची करतो. ते योग्यच आहे. त्या यादीत मैदानाचाही समावेश करावा, असे मला सुचवावेसे वाटते. घर बदलणाऱ्या मुलाला मैदानावर जे नियम ओळखीचे भेटतात, ते कोणत्या तरी वडीलधाऱ्याने आधीच्या गावी नीट पाळलेले असतात, म्हणून ओळखीचे राहिलेले असतात. पुढच्या गावी येणाऱ्या कोणा अनोळखी मुलासाठी ते तसेच ठेवणे, एवढे काम बदलीच्या आदेशात लिहिलेले नसले तरी आपले आहे.